गवताच्या पिल्लाचं काळीज

एका जंगलात पूर्वी वैद्य नव्हते. कुणी आजारी पडलं, की ते आपोआप बरं व्हायचं किंवा मरायचं. दोन्हीला फारसा वेळ लागत नसे. मग तिथे वैद्यक शाळा निघाली, आणि सगळ्याच गोष्टींना वेळ लागू लागला.

मुलांनो, ही शाळा मोहाच्या झाडाखाली भरायची. प्राचार्य होते सांबर सर. त्यांची शिंगं जंगलात सगळ्यांत मोठी होती, म्हणून ते प्राचार्य होते.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "शिकाऊ वैद्याला एकदम खऱ्या रोग्यापुढे उभं करू नये. आधी खोटा रोगी द्यावा. त्याच्यावर पोटभर चुका करू द्याव्यात. म्हणजे खऱ्याच्या वेळी चुका संपलेल्या असतात."

हे त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. त्यांनी नंतर ते पुन्हा म्हटलं नाही.

सुगरणीकडून गवताचं एक पिल्लू विणून घेतलं. ते कुठल्या प्राण्याचं पिल्लू आहे हे मुद्दामच ठरवलं नव्हतं, म्हणजे कुणाला राग यायला नको. त्याला चार पाय होते, एक शेपूट होती आणि आजारी दिसेल असं वाकडं तोंड होतं. घसा म्हणून बांबूची नळी बसवली होती. छातीत सुकलेला भोपळा होता. आणि भोपळ्यात बेडूककाका बसत.

बेडूककाका हे त्या पिल्लाचं काळीज होते. उपचार बरोबर चालला असला, की ते आतून भोपळ्यावर टप टप ठोके देत. चुकला, की थांबत. एवढंच त्यांचं काम. त्याबद्दल त्यांना आठवड्याला दोन द्रोण डास मिळत.

पहिला धडा होता घशात बी अडकण्याचा. त्या जंगलात बोरं फार. बोरांच्या दिवसांत दर वर्षी दोन-तीन पिल्लं अशी जायची. म्हणून गवताच्या पिल्लाच्या नळीत बोराची बी टाकत आणि विद्यार्थ्याला बोलावत. बी बाहेर सरकली की आत गेली, हे काकांना भोपळ्यातून स्वच्छ दिसे.

वर्गात हौसा नावाची अस्वलाची मुलगी होती. ती ओढ्यापलीकडच्या कातळटेकडीवरून आली होती. मागच्या बोरांच्या दिवसांत तिच्या धाकट्या भावाच्या घशात बी अडकली होती. सगळी टेकडी जमली. सगळ्यांनी सल्ले दिले. दोघांनी तोंडात बोटं घातली. भाऊ गेला. मग टेकडीने ठरवलं, की आपल्याकडे एक तरी वैद्य हवा, आणि हौसाला पाठवलं.

शाळा पुरी केली की मनगटाला पिवळा दोरा बांधत. निघताना टेकडीवरचे अस्वलआजोबा तिला म्हणाले होते, "दोरा घेऊनच ये. दोऱ्याशिवाय कुणी तुझ्यापुढे तोंड उघडणार नाही."

हौसा बरं म्हणाली होती. ती कमीच बोलायची.

पहिल्या दिवशी तिने पिल्लाच्या तोंडात बोट घातलं. टप टप थांबलं. काकांनी भोपळ्याच्या भोकातून डोकं बाहेर काढलं.

"आत ढकललीस."

"पण मला बी लागली होती बोटाला."

"लागली म्हणूनच ढकलली गेली. दिसत नाही तिथे बोट घालायचं नाही. मेलो मी. पुढचा."

पुढचा होता प्रद्युम्न मुंगूस. त्याच्या हातूनही पिल्लू गेलं. त्याच्या पुढच्या सायाळीच्या हातून तर दोनदा गेलं, कारण दुसऱ्यांदा तिचा काटा भोपळ्यात घुसला. त्या आठवड्यात गवताचं पिल्लू एकोणीस वेळा मेलं. मुलं रडत होती, चिडत होती आणि हळूहळू शिकत होती.

हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. प्रद्युम्नची आई शाळेत आली.

"सर, आमचा प्रद्युम्न कधी कशात मागे पडलेला नाही. परवापासून जेवत नाही. म्हणतो, माझ्या हातून रोगी गेला."

"गवताचा होता हो," सर म्हणाले.

"गवताचा काय आणि कसला काय. मुलाच्या मनावर परिणाम होतो."

दुसऱ्या दिवशी आणखी चार आया आल्या. सरांनी बेडूककाकांना बोलावून घेतलं.

"काका, तुम्ही फार थांबता."

"पोरं फार चुकतात, सर."

"चुकू देत. पण ते लगेच तोंडावर सांगायची काय गरज आहे?"

"मग कधी सांगू?"

"सांगूच नका. वाजवत राहा."

"बी आत गेली तरी?"

"बी कुठेही गेली तरी."

काका म्हणाले, "मग मी आत बसून करायचं काय?"

"रोगी जिवंत ठेवायचा. शाळेचा निकाल तुमच्यावर आहे, काका."

त्या दिवसापासून गवताचं पिल्लू मरायचं थांबलं. मुलं जेवू लागली. आया खूश झाल्या.

आता दुसरी एक अडचण होती. सरांची शिंगं मोहाच्या फांद्यांत अडकत, म्हणून ते वर्गापासून लांब, उघड्यावर बसत. तिथून त्यांना पिल्लू नीट दिसत नसे. गुण तर द्यायचे होते. तेव्हा त्यांनी नियम केला, की जे कराल ते मोठ्याने बोला. दहा वाक्यं ठरवून दिली. एका वाक्याला एक गुण.

"मी पंजे धुतले आहेत. मी रोग्याला धीर देत आहे. मी रोग्याला उलटं धरत आहे. मी पाठीवर थापटी मारत आहे." असं करत करत शेवटी, "रोगी आता बरा आहे."

सुरुवातीला मुलं पंजे धुऊन यायची आणि मग बोलायची. नंतर पंजे धुता धुता बोलू लागली. नंतर नुसतीच बोलू लागली. ओढा जरा लांब होता.

थापट्यांचंही तसंच झालं. मारली काय आणि नाही मारली काय, ठोके तर चालूच असत. प्रद्युम्नचा आवाज खणखणीत होता. तो दहाच्या दहा वाक्यं एका दमात म्हणायचा आणि पिल्लाला हातही लावायचा नाही. सर बाकीच्यांना सांगत, "बघा, किती सफाई आहे त्याच्या कामात."

हौसाला दहापैकी तीन मिळायचे. ती पिल्लाला उलटं धरण्यात गुंतायची आणि बोलायचं राहून जायचं.

"हौसा, तू काय करतेस ते मला कसं कळणार?" सर विचारायचे.

"बी बाहेर आली की कळेल, सर."

"बीला गुण नाहीत."

एके दिवशी शाळा सुटल्यावर ती भोपळ्याशी जाऊन बसली.

"काका, माझ्यासाठी थांबत जाल का?"

"म्हणजे?"

"चुकले की थांबा. पूर्वीसारखं. सगळे घरी गेल्यावर."

"सरांना कळलं तर माझे डास बंद होतील."

"मी तुम्हाला डास आणून देईन. आमच्या अंगावर पुष्कळ बसतात."

काकांनी विचार केला. खरं सांगायचं, तर आत बसून खोटे ठोके देण्याचा त्यांनाही कंटाळा आला होता.

मग रोज शाळा सुटल्यावर गवताचं पिल्लू पुन्हा मरू लागलं.

"हलकं मारलंस. मला झोपवत होतीस का?"

टप टप बंद.

"आता जोरात मारलंस. टाके उसवले. सुगरणीला काय सांगू?"

बंद.

"डोकं वर राहिलं. बी काय उडी मारून बाहेर येईल? डोकं खाली. मानेला आधार. पंजाचं बूड वापर, नखं आत घे. बाई, नखं आत."

बंद. बंद. बंद.

हौसा मोजायची. एकेचाळिसाव्या वेळेला बी नळीतून टुणकन बाहेर पडली. काकांनी ठोके दिले.  दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. आता दहांत आठ वेळा बी बाहेर येऊ लागली.

नेमके त्या दिवशी सर काहीतरी विसरलं म्हणून परत आले, आणि ते आले तेव्हा ठोके थांबलेले होते.

"हे काय? रोगी दगावला?"

"सरावात, सर," हौसा म्हणाली.

"माझ्या शाळेत तीन महिन्यांत एकही रोगी दगावलेला नाही. तुझ्या एकटीच्या हातून दगावला."

"आज दोनदा दगावला, सर." हौसाला खोटं बोलता येत नसे.

सरांनी तिचं नाव अंतिम परीक्षेतून काढून टाकलं. काकांना शेवटची ताकीद मिळाली, की यापुढे ठोका चुकला तर घरी. हौसाने पिवळ्या दोऱ्याचं विचारलं. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. आवाजावर मेहनत घे."

पुढच्या वर्षीच्या आधी बोरांचे दिवस होते. हौसाने ते मनात म्हटलं, मोठ्याने नाही.

परीक्षेचा दिवस आला. तपासणीस म्हणून गवासाहेब आले. ते उंचवट्यावर बसले आणि रवंथ करू लागले. समोर पळसाच्या पानावर दहा चौकोन आखले होते. मुलांच्या आया नटूनथटून आल्या होत्या. जवळच्या झाडावर राहणारी सगुणा वानरीणही पोटाशी बाळ घेऊन बघायला आली होती. पाहुण्यांसाठी द्रोणांत हंगामातली पहिली बोरं ठेवली होती. हौसाला परीक्षा नव्हती, म्हणून तिला पाणी वाटायचं काम दिलं होतं.

पहिला नंबर प्रद्युम्नचा. तो पिल्लाशेजारी ताठ उभा राहिला. गवासाहेब म्हणाले, "विचारा प्रश्न."

सर प्रश्न विचारणार, एवढ्यात मागून सगुणाचा आवाज आला.

"अहो, बघा ना कुणीतरी. याच्या घशात बी अडकली."

बाळाचं तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता. हात हवेत हलत होते.

सर क्षणभर थांबले. मग त्यांचा चेहरा खुलला. "ऐकलंस ना, प्रद्युम्न? पिल्लाच्या घशात बी अडकली आहे. हाच प्रश्न. कर सुरुवात."

प्रद्युम्न गवताच्या पिल्लाकडे वळला.

"मी पंजे धुतले आहेत."

गवासाहेबांनी पहिल्या चौकोनात खूण केली.

"मी रोग्याला धीर देत आहे."

"तिकडं नाही रे, इकडं," सगुणा म्हणाली. "हे बघ, इकडं."

"बाई, परीक्षा चालू आहे," सर म्हणाले. "मुलाचं लक्ष विचलित होतं."

हौसाच्या हातात पाण्याचा द्रोण होता. तो तिने खाली ठेवला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"हौसा, जागेवर. तुझं नाव यादीत नाही."

हौसा थांबली. मुलांनो, हे मला लपवता येणार नाही. ती थांबली. तिला मोठ्यांचं ऐकायची सवय होती, आणि सवय पायांत असते. बाळाचे ओठ जांभळट झाले होते.

"मी रोग्याला उलटं धरत आहे," प्रद्युम्न म्हणाला. गवताचं पिल्लू आडवं होतं तिथेच होतं. टप टप, टप टप, ठोके अगदी छान चालले होते. आया कौतुकाने माना हलवत होत्या. "मी पाठीवर पहिली थापटी मारत आहे. मी दुसरी थापटी मारत आहे." असं करत करत तो नवव्या वाक्याला आला. "बी आता बाहेर येत..."

ठोके थांबले.

इतकी शांतता झाली, की गवासाहेबांचं चावणंही थांबलं. कित्येक महिन्यांत ती शांतता कुणी ऐकली नव्हती. प्रद्युम्नने पिल्लाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, ठोके थांबले. आता काय म्हणायचं?"

सरांना माहीत नव्हतं. ते वाक्य दहांत नव्हतं.

भोपळ्यातून बेडूककाकांनी डोकं बाहेर काढलं. "मी गवताचा आहे," ते म्हणाले. "रोगी तिकडे आहे. हौसा, उभी काय राहिलीस?"

हौसा धावली. तिने सगुणाच्या हातातून बाळ घेतलं, पालथं केलं, डोकं खाली, मान पंजात. नखं आत घेतली. एक. दोन. काही नाही. तिसरी हलकी पडली, ते तिचं तिलाच कळलं. चार. पाच.

बी उडाली आणि गवासाहेबांच्या पळसाच्या पानावर, सातव्या चौकोनात पडली.

बाळाने श्वास ओढला आणि ते भोकाड पसरून रडू लागलं.

"रोगी आता बरा आहे," प्रद्युम्न म्हणाला. त्याचं ते शेवटचं वाक्य राहिलं होतं.

गवासाहेबांनी दहाव्या चौकोनात खूण केली. मग ते हौसाकडे वळले.

"हा कोणता उपचार?"

"पहिल्या धड्यातला, साहेब."

"मला काही ऐकू आलं नाही."

"मी काही बोलले नाही."

"पंजे धुतले होतेस?"

"पाणी वाटत होते. ओलेच होते."

"ओले वेगळे. धुतले आहेत असं म्हणालीस का?"

"नाही."

"शून्य. धीर दिलास?"

हौसाने बाळाकडे पाहिलं.

"रोगी अजून रडतो आहे," गवासाहेबांनी तिच्या वतीने उत्तर दिलं. "म्हणजे धीर मिळालेला नाही. शून्य."

"अहो साहेब, रडतंय म्हणजे जगलंय ते," सगुणा म्हणाली.

"बाई, आमचं पिल्लू इतक्या दिवसांत एकदाही रडलं नाही," सर म्हणाले. "तुमच्या बाळाला थोडं वळण लावा. परीक्षेच्या मध्येच गुदमरलं, विद्यार्थ्याच्या समोर आलं नाही, आणि आता हा गोंधळ."

निकाल तिथेच लागला. प्रद्युम्न दहापैकी दहा. त्याच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला. बेडूककाकांना, परवानगीशिवाय थांबल्याबद्दल, कामावरून काढलं. हौसाने यादीत नाव नसताना रोग्याला हात लावला होता, म्हणून तिला शाळेच्या हद्दीतून कायमचं बाहेर काढलं.

आपली झोळी आवरताना हौसाला मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. प्रद्युम्न होता. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बी खरंच बाहेर येते?"

"येते."

"मला वाटायचं, ते नुसतं म्हणायचं असतं." तो थोडा वेळ दोऱ्याशी चाळा करत राहिला. "नक्की कुठे मारायचं?"

हौसाने त्याच्याच पाठीवर जागा दाखवली. त्याने ती दोनदा विचारून घेतली आणि कुणी यायच्या आत निघून गेला.

हौसा टेकडीकडे निघाली. काका तिच्या डोक्यावर ओलं पान अंगावर घेऊन बसले. सगुणा बाळासकट वरून, झाडाझाडांवरून येत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी अस्वलआजोबा वाट बघत होते. त्यांनी आधी हौसाच्या मनगटाकडे पाहिलं.

"दोरा?"

"नाही मिळाला, आजोबा."

"मग काय आणलंस?"

 सगुणा झाडावरून उतरली आणि तिने बाळ आजोबांच्या पुढ्यात ठेवलं. बाळाने त्यांचं नाक ओढलं.

"हे आणलंय," सगुणा म्हणाली. "सकाळी मेलं होतं जवळजवळ."

आजोबांनी नाक सोडवून घेतलं आणि वाटेतून बाजूला झाले.

हौसाने टेकडीवर शाळा वगैरे काढली नाही. तिने जुन्या झोळीत गवत भरलं, नळी आणि भोपळा बसवला, आणि काका आत जाऊन बसले. संध्याकाळी आया जमत. चुकलं की काका थांबत. आया रडत, नाक पुसत, पुन्हा करत. त्या वर्षी बोरांच्या दिवसांत टेकडीवर चार पिल्लांच्या घशात बी अडकली. तिघांच्या बिया त्यांच्या आयांनीच काढल्या. चौथ्याची हौसाने काढली.

ही बातमी ओढ्याच्या अलीकडे आली. आधी वानरं गेली. मग भेकरं गेली, मग ससे, मग सायाळी. ज्यांना तान्ही पिल्लं होती ते सगळे टेकडीच्या आसऱ्याला गेले. ज्यांना व्हायची होती तेही गेले. मोहाच्या झाडाभोवती फक्त शाळा आणि तिचे विद्यार्थी उरले. तिथे काकांच्या जागी सुतारपक्ष्याला नेमलं होतं. त्याला थांबता येतच नसे, म्हणून सर फार समाधानी होते.

वर्षाअखेरीस गवासाहेब पुन्हा तपासणीला आले. त्यांनी शाळेच्या हद्दीत सगळीकडे फिरून पाहिलं. एकही रोगी नव्हता. एकही पिल्लू गुदमरलेलं नव्हतं. कुठेही कुणी कण्हत नव्हतं.

त्यांनी पळसाच्या पानावर लिहिलं: शाळेच्या शिक्षणामुळे परिसरातील आजार समूळ नष्ट झाले आहेत.

शाळेला जंगलातली आदर्श शाळा म्हणून सन्मान मिळाला. समारंभ मोठा झाला. टाळ्या वाजवायला प्रेक्षक नव्हते. तेव्हा विद्यार्थ्यांनी उभं राहून एका सुरात म्हटलं, "आम्ही टाळ्या वाजवत आहोत."

तात्पर्य : मुलांनो, कुणाचा जीव वाचवायची वेळ आलीच, तर आधी सगळं मोठ्याने आणि स्पष्ट म्हणावं. जीव वाचला नाही तरी गुण वाचतात.